रविवारी न येणाऱ्यांसाठी : दूरशिक्षण प्रकल्पाच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार

यंदाचा पहिला संमंत्रणाचा, म्हणजे समोरासमोर मार्गदर्शनाचा, तास आज झाला. नोंदणी ३८ जणांची, वर्गात ७. दोघी जणी लेकरं घेऊन आल्या होत्या. पारव्याच्या बाजूनं येणारा एक जण नाल्याला पूर असल्यानं वळसा घालून आला, तोवर तास संपत आला होता. त्याला पाणी दिलं, पुस्तकातली दोन पानं दाखवली आणि तो परतीच्या वाटेला लागला.

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात मी सहा वर्षांपासून दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकवते. या सहा वर्षांत दर अहवालात मी एकच वाक्य लिहिलं: विद्यार्थी येत नाहीत. यंदा त्या वाक्याच्या मागं काय आहे ते बघायचं ठरवलं आहे. कृतिसंशोधन म्हणून रीतसर नोंदी ठेवणार. जो येत नाही तो पुस्तकाचं काय करतो, आणि माझं त्याच्यापर्यंत काय पोचतं, एवढंच शोधायचं.

वाचनाची सुरुवात मायकेल मूर या अमेरिकी अभ्यासकापासून केली. १९७० च्या दशकापासून त्यांनी मांडत आणलेली गोष्ट अशी: दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या समजुतीत जी फट राहते ते अंतर. संवाद वाढला की ती फट बुजते. अभ्यासक्रमाची चौकट आवळली की रुंदावते. आणि विद्यार्थी आपल्या बळावर किती चालू शकतो त्यावर तिचा त्रास ठरतो. आमच्याकडे संवाद म्हणजे महिन्यातले दोन रविवार, तेही येणाऱ्यांसाठी. वहीत पहिली ओळ हीच लिहिली.

१८ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर फोन केले. ३८ पैकी ३१ जणांशी किंवा त्यांच्या घरच्यांशी बोलणं झालं.

प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, "घरी स्मार्टफोन आहे का?" जवळजवळ सगळे हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या सासूबाईंनी फोन उचलला. "थे सैपाकात हाय. काय काम हाय?" मी सांगितलं, तिच्या कॉलेजातून बोलते. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, "हा फोन माह्या पोराचा हाय. थो वावरातून आला का मंग बोला."

तिथंच प्रश्न बदलला. आता विचारते, "संध्याकाळी सात ते दहा फोन कुणाच्या हातात असतो?" नवरा, दीर, नववीतला मुलगा अशी उत्तरं आली. बायांपैकी फक्त चौघींनी "माह्याच" म्हटलं. पुरुषांची अडचण वेगळी. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत शेतीची वीज एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते मोटर चालवायला वावरात असतात. पीक उभं असलं की रानडुकरांसाठी जागल. एक जण म्हणाला, "मॅडम, जागलीत टाइमच टाइम रायते. पण पुस्तक कोनत्या उजेडात वाचाव?"

ही ओळ मी लाल पेनानं अधोरेखित करून ठेवली आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार

काल पोळा, आज तान्हा पोळा. लाकडाचे बैल घेऊन पोरं दारोदारी फिरत आहेत. काम बंद.

१५ सप्टेंबर, रविवार

मागणी आणि पुरवठा या घटकावर ४२ मिनिटांचा व्हिडिओ तयार केला होता. दोन दिवस मेहनत. फळा, रंगीत खडू, सगळं. ग्रुपवर टाकला, आणि आज आलेल्या नऊ जणांना विचारलं. शेवटपर्यंत दोघांनी बघितला होता. फाइल दीडशे एमबीच्या वर गेली होती. ज्या घरात दिवसाचा दीड जीबी डेटा चौघांत वाटला जातो, तिथं माझा एक धडा दहावा हिस्सा खातो, हे मी आधी मोजायला हवं होतं.

मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्हिडिओंवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरची व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक टिकून राहण्याची मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढं जात नव्हती. ते विद्यार्थी चांगल्या इंटरनेटवरचे, बरेचसे आधीच पदवीधर. त्यांची ही गत, तर दिवसभर निंदण करून आलेल्या बाईकडून मी ४२ मिनिटं मागत होते.

२९ सप्टेंबर, रविवार

व्हिडिओ सोडला. जागलवाल्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर आवाजात आहे, उजेडात नाही. पाच मिनिटांचे ऑडिओ सुरू केले. चार झाले. काय जमलं ते सविस्तर लिहून ठेवते, पुढं कुणी करायला घेतलं तर उपयोगी पडेल.

रेकॉर्डिंग धान्याच्या कोठीत, चारी बाजूंनी गोधड्या टांगून. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो आणि साध्या फोनच्या स्पीकरवर शब्द कळत नाहीत. आधी लिहून वाचलं, ते बातम्यांसारखं झालं. आता समोर चार मुद्दे ठेवते आणि बोलते. घरात बोलते तसंच, वऱ्हाडी येते तिथं येऊ देते. सुरुवात नेहमी पानापासून: "पुस्तकाचं पान ४६, दुसरा परिच्छेद." जवळ पुस्तक असेल तर बोट ठेवता येतं, नसेल तर नंतर शोधता येतं. मधे एकदा प्रश्न विचारून वीस सेकंद गप्प राहते. पहिल्या वेळी ते वीस सेकंद मलाच फार लांब वाटले, पण ज्याला विचार करायचा आहे त्याला ते लागतात. आवाजाचा दर्जा कमी ठेवून, ३२ केबीपीएसवर, पाच मिनिटांची फाइल सव्वा एमबीच्या आसपास बसते. फाइलच्या नावात पानाचा आकडा, घटकाचं भारदस्त नाव नाही. ज्यांच्याकडे डेटाच नाही ते रविवारी येऊन ब्लूटूथनं घेऊन जातात, किंवा गावातल्या दुसऱ्याकडून घेतात.

५ ऑक्टोबर, शनिवार

परवा, ३ तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शाळा-कॉलेजांत आनंद आहे, मलाही मनापासून झाला. आज एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, विद्यार्थ्याशी फोनवर बोलले. त्याच्या घरी कोलामी बोलतात. ती द्राविड कुळातली भाषा, मराठी त्याची शाळेतली भाषा. पुस्तकातलं "सीमांत उपयोगिता", म्हणजे वस्तूचा आणखी एक नग घेतल्यावर मिळणारं जादा समाधान, त्याला दोन महिने अडून बसलं होतं. सीमांत शेतकरी हा शब्द त्याला माहीत, म्हणून कमी जमीनवाल्या शेतकऱ्याला होणारा उपयोग असा अर्थ त्यानं लावला आणि पुढची सगळी पानं त्या अर्थानं वाचली. कुठंच मेळ बसेना, तेव्हा आपल्याला बुद्धीच नाही असं ठरवून त्यानं पुस्तक मिटलं.

मी त्याला उन्हातून आल्यावरचा पाण्याचा पहिला गिलास, दुसरा, तिसरा असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे फरदडीवानी. पयल्या येच्यात कापूस लय, मंग कमी कमी, अन् फरदडीत मजुरीबी निंगत नाई."

फरदड म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर कपाशी न उपटता ठेवून काढलेला शेवटचा कापूस. उपयोगितेपेक्षा हे सीमांत उत्पन्नाचं आणि सीमांत खर्चाचं उदाहरण आहे. ते पुढच्या घटकात येतं, आणि तो स्वतःच्या पायानं तिथं जाऊन पोचला. मी त्याला तसंच सांगितलं. पुढचा ऑडिओ फरदडीवर.

शब्दार्थांची एक यादी करायला घेतली आहे: पुस्तकातले असे शब्द, जे गावात दुसऱ्या अर्थानं चालतात. आतापर्यंत "सीमांत", "लवचिकता", "भांडवल", "उपभोग". ही यादी विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यायची. आपल्याला कुठला शब्द अडणार हे आपल्याला ओळखता येत नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सोयाबीनची सोंगणी, मळणी जोरात. कुणी रविवारी येणार नाही म्हणून तास रद्द केला. दुपारी एका विद्यार्थ्याचा मोंढ्यातून फोन आला, मागं माणसांचा गलका.

"मॅडम, हमीभाव ४,८९२ हाय न? मंग हे बेचाळीसशानं कायले मागून राह्यले?"

किमतीवरच्या नियंत्रणाचा घटक पुस्तकात आहे. दोन रेषा एकमेकींना छेदतात, वर एक आडवी रेषा, तिला किमान किंमत म्हणायचं. सहा वर्षं मी ती आकृती काढली. आज माझा विद्यार्थी त्या आडव्या रेषेखाली, गाडीत पोती घेऊन उभा होता.

मी त्याला त्याच वेळी सांगितलं: सरकार भाव जाहीर करतं तेव्हा तो भाव टिकवायला कुणीतरी त्या भावानं माल घेणारा लागतो. सरकारी खरेदी केंद्र उघडलं, नाव नोंदलं गेलं, माल ओलाव्याच्या अटीत बसला तर ४,८९२. ओलाव्याची अट १२ टक्के. नुकतंच मळलेलं सोयाबीन, त्यात परतीचा पाऊस, ते बऱ्याचदा त्यात बसत नाही. आणि ज्याला आजच उधारी चुकती करायची आहे तो केंद्राची वाट बघू शकत नाही. बाजारात माल एकदम उतरतो, पुरवठा फुगतो, भाव पडतो.

"म्हंजे पुस्तकातलं खोटं हाय?"

"खोटं नाही. पुस्तकात त्या रेषेखाली एक ओळ आहे, 'शासनाने जादा पुरवठा खरेदी केल्यास.' ती ओळ आपण घाईघाईत वाचतो."

तो म्हणाला, "थांबा, लिहून घेतो," आणि कुणाकडं तरी पेन मागितला.

रात्री हेच सगळं त्याच्या शब्दांत, त्याची परवानगी घेऊन, ऑडिओत सांगितलं. नाव घेतलं नाही. आजवर सगळ्यात जास्त वेळा पुढं पाठवलेली फाइल हीच. जे अभ्यासक्रमात नाहीत त्यांनीही मागितली.

३० ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी. गृहपाठाच्या फक्त अकरा वह्या आल्या आहेत.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑडिओ पोचतात, पण ती एका बाजूनं जाणारी वाट. गेल्या महिन्यात ज्या दोघांशी खरं शिकणं घडलं, त्या दोन्ही वेळा फोनवर बोलणं झालं होतं. म्हणून फोनवर कुणी अभ्यास केला आहे का ते शोधलं.

बोत्सवानात करोनाच्या काळात शाळा बंद असताना सुमारे ४,५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे एसएमएस, काही घरांना एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसनं विशेष फरक पडला नाही. फोन जोडला तेव्हा मुलांचं गणित सुधारलं, ०.१२ प्रमाण विचलनाइतकं (मुलांमुलांच्या गुणांत किती फरक असतो, त्याचं हे माप). ती प्राथमिक शाळेतली मुलं होती आणि माझे विद्यार्थी संसारी माणसं आहेत, तेव्हा आकडा जसाच्या तसा इथं लावणार नाही. पण साध्या फोनवर, नेटशिवाय हे झालं, एवढं मला पुरेसं आहे.

ठरवलं ते असं. रोज रात्री चार फोन, आठवड्यातून पाच रात्री, प्रत्येकी बारा मिनिटं. दोन आठवड्यांत ३८ जणांची एक फेरी. वेळ विद्यार्थ्यानं ठरवायची आणि फोन मी करायचा. तो त्यांच्यावर सोडला तर येत नाही. "मॅडमले फोन कसा कराव" हा संकोच खूप खोल आहे, बायांमध्ये जास्तच. शिवाय ज्या घरात फोन दुसऱ्याच्या हातात असतो, तिथं "कॉलेजातल्या मॅडमचा फोन येनार हाय" हे सांगून फोन मागता येतो. ठरलेल्या वेळेला घरात मान असतो.

फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास झाला का?" हा विचारायचा नाही. "कोणत्या पानावर आहात?" हा विचारायचा. पहिल्याला माणसं हो म्हणून मोकळी होतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. इलेक्शन ड्युटीमुळं तीन रात्रींचे फोन राहिले. दोघांनी आपणहून विचारलं, "काल फोन नाई आला?"

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ऑगस्टमध्ये ज्या सात जणांशी बोलणं झालं नव्हतं, त्यांपैकी एकाचा नंबर बंद लागत होता. आज त्याच्या गावातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडून नवा नंबर मिळाला. तो दसऱ्याला हैदराबादला गेला, बांधकामावर. पुस्तकं घरी पेटीत. बी.ए.चं दुसरं वर्ष.

तो म्हणाला, ऑगस्टमध्ये तुमचा मिसकॉल बघून मी उलटा फोन केला होता. मी माझ्या फोनची यादी मागं मागं जाऊन बघितली. होता. १६ ऑगस्ट, दुपारी २.१०. मी तेव्हा वर्गावर होते आणि नंतर राहून गेलं.

त्याला परीक्षेचा फॉर्म भरायचा की नाही हे विचारायचं होतं. ती मुदत आता संपली.

नव्या वहीत एक रकाना वाढवला: आलेले फोन, परत केल्याची वेळ.

८ डिसेंबर, रविवार

आज उलटं केलं. विद्यार्थी येत नाहीत तर मीच गेले, पांढरकवड्याच्या पुढच्या एका गावात. वेचणी सुरू आहे. आमची एक विद्यार्थिनी रोजानं वेचायला जाते, किलोवर मजुरी. तिच्या मागोमाग पराटीतून, म्हणजे कपाशीतून, चालले. कमरेला बांधलेल्या फडक्यात दोन्ही हातांनी बोंडातला कापूस सारखा पडत राहतो, हात थांबला तर मजुरी थांबते. फोन धुऱ्यावर (बांधावर) पाण्याच्या कॅनजवळ ठेवलेला, स्पीकर पूर्ण उघडा. त्यातून माझाच आवाज येत होता: पान ४६, दुसरा परिच्छेद.

तास, म्हणजे पराटीची ओळ, पुढं सरकला की बाया फोन उचलून पुढच्या धुऱ्यावर नेऊन ठेवत. सहा जणी वेचत होत्या, नोंदणी एकीचीच. वीस सेकंदांची शांतता आली तेव्हा पलीकडच्या तासातून एका वयस्क बाईनं उत्तर दिलं, मोठ्यानं, आणि बरोबर दिलं. मग मला म्हणाल्या, "थ्या हमीभावाचा धडा अर्धाच ठेवला तुमी. केंद्र उघडलं नाई तं कास्तकारानं काय कराव, थे नाई सांगतलं."

मी धुऱ्यावर बसून अर्धा तास ते बोलले. त्या वेचत वेचत ऐकत होत्या, मधे मधे अडवत होत्या. त्या बाई दुसरीपर्यंत शिकल्या आहेत. पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या वाटेनं किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेनं त्यांना कुठंवर जाता येईल, याची माहिती काढायची. त्यांनी स्वतः विचारलं नाही. मला विचारायचं आहे.

२२ डिसेंबर, रविवार

वह्यांचा प्रश्न हाती घेतला. विद्यार्थी गृहपाठ देतो, आम्ही तपासतो, गुण वर जातात. वही कपाटात राहते. म्हणजे त्यानं लिहिलेल्या दहा पानांवर कुणी काय म्हटलं ते त्याला कधीच कळत नाही.

माझ्या वडिलांनी पत्राद्वारे पदवी घेतली, जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरी करत. त्यांच्या पेटीत अजून एक तपासलेली उत्तरपत्रिका आहे. कडेला निळ्या शाईत अर्धं पान शेरे: इथं कारण दिलंत, पुरावा द्या. हा मुद्दा उत्तम. तपासणारा कोण, कुठल्या गावचा, त्यांना कधी कळलं नाही. ती उत्तरपत्रिका काल रात्री परत काढून वाचली.

आजपासून नियम: वही मिळाल्यापासून दहा दिवसांत फोटो परत. तीन शेरे, जास्त नाही. एक काय जमलं, एक काय चुकलं, एक प्रश्न. गुण वेगळ्या कागदावर, शेवटी. गुण आधी दिसले की शेरे कुणी वाचत नाही. सहकारी सरांनी अर्ध्या वह्या घेतल्या. आतापर्यंत २४ वह्या आल्या आहेत.

१९ जानेवारी २०२५, रविवार

तुरीची सोंगणी. वर्गात १३ जण, यंदाचा सगळ्यात मोठा आकडा, पण आता त्या आकड्याकडं मी पूर्वीसारखी बघत नाही.

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग विद्यार्थ्यांना सांगितला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढं होते. एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिणारे आठवड्यानंतरच्या परीक्षेत पुढं निघाले. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मंग मी भाकरी थापतानी मनात म्हनत रायतो, थे चालते?" चालतं. तेच खरं आहे. यापुढं फोनवर मी समजावणार नाही, आधी त्यांना पुस्तक मिटून सांगायला लावणार. बारा मिनिटांपैकी सात त्यांची.

एक गोष्ट सुटलेली नाही. चौघींच्या घरी ठरलेल्या वेळीही फोन मिळत नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडीतल्या किंवा बचत गटातल्या कुणा ताईच्या फोनवर दुपारचा गट-फोन करून बघायचा, एका वेळी पाच जणी जोडून. दोन गावांत बोलणी चालू आहेत. एका गावात नाही म्हणाल्या, कारणही रास्त होतं: त्या ताईंनाच दिवसभर फोनवर माहिती भरत बसावं लागतं.

२ फेब्रुवारी, रविवार

शब्दांची यादी ५७ वर गेली. कोलाम पोडावरच्या विद्यार्थ्यानं फरदडीचा ऑडिओ स्वतःच्या आवाजात कोलामीत करून पाठवला आहे, धाकट्या भावासाठी. मला त्यातलं फक्त "फरदड" आणि "मजुरी" कळलं. दोनदा ऐकला.

हैदराबादच्या मुलानं सगळे ऑडिओ मागितले. एकदम पाठवले तर पडून राहतील, म्हणून आठवड्याला दोन असं ठरलं. पुढच्या वर्षीच्या फॉर्मची तारीख लागली की सांगायचं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

उद्याचे फोन: ७.४० धुऱ्यावरची ताई, पान ६१. ८.०० मोंढ्यातला. ८.२० सासूबाईंच्या घरी, आता त्याच फोन उचलून सुनेला हाक मारतात. ८.४० हैदराबाद.